इनामगावची बदललेली चूल

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाऊ लागले की बालाघाटच्या माथ्यावर लिंबागणेश हे गाव लागते. तिथल्या गणपतीमुळे हे नाव पंचक्रोशीच्या बाहेरही पुष्कळांना ठाऊक आहे. माथ्यावरची जमीन बरीचशी उथळ आणि मुरमाड. पाऊस वेळेवर आला तर बाजरी, तूर, उडीद पदरात पडतात; नाही आला तर विहिरी पौषातच तळ दाखवू लागतात. दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात आणि शाळेतले काही बाक रिकामे होतात. या भागात नोकरी केलेल्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

अशाच एका वर्गात आदिमानवाचा धडा चालू होता. शिकार, कंदमुळे, दगडी हत्यारे हे सारे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने शंका काढली. पाऊस पडला नाही म्हणजे आदिमानव काय करायचा, आणि त्याला उचल कोण द्यायचे? वर्ग हसला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशाला उचल म्हणतात. मलाही हसू आले, पण शंका अगदी मुद्द्याची होती. हवामान बिघडले, ठरलेले अन्न मिळेनासे झाले, तर प्रागैतिहासिक माणूस तगून कसा राहिला? क्रमिक पुस्तकात याचे उत्तर नसते. सुदैवाने महाराष्ट्राच्या मातीत ते बऱ्यापैकी जपले गेले आहे.

समुद्राखाली गेलेला पुरावा

हवामानबदलाच्या संदर्भात जगभर जास्त अभ्यास झाला आहे तो समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या शिकारी आणि अन्नसंकलक लोकांचा. त्यातला एक प्रसंग आजपासून सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीचा आहे. हिमयुग संपून पुष्कळ काळ लोटला होता. उत्तर अमेरिकेत वितळत्या बर्फाच्या कडेला अगॅसीझ नावाचे प्रचंड सरोवर साचले होते. त्याला अडवून धरणारी बर्फाची भिंत फुटली आणि ते गोडे पाणी हडसनच्या उपसागरातून अटलांटिक महासागरात लोटले. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते वरच पसरले, आणि युरोपाकडे ऊब नेणारे सागरी प्रवाह मंदावले. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत हा थंडीचा झटका स्पष्ट दिसतो. तो सुमारे दीडशे वर्षे टिकला. आपला मान्सूनही त्यातून सुटला नाही. ओमानमधील गुहांत थेंबाथेंबाने वाढलेल्या चुनखडीच्या स्तंभांत त्या काळी पाऊस कमी झाल्याची नोंद सापडते.

किनाऱ्यावरच्या लोकांचे पुढे काय झाले? सगळीकडे एकच उत्तर मिळत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मासे, शिंपले आणि हेझल नावाच्या झाडाची कठीण कवचाची फळे यांवर जगणाऱ्या लोकांच्या वस्त्यांच्या खुणा या झटक्यानंतर एकाएकी विरळ होतात. इंग्लंडमधील स्टार कार येथे त्याच्याही पुष्कळ आधी, सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, तळ्याकाठी शिकारी राहत होते. त्यांनी थंडीचे असेच झटके सोसले, पण आपली जागा सोडली नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते. म्हणजे ‘शिकारी माणूस कुठेही जाऊन जगतो’ हे आपले ठोकळेबाज विधान काही खरे नव्हे.

मग कोकणात काय घडले, असे आपण साहजिकच विचारू. अडचण अशी आहे की कोकणचा त्या काळचा किनारा आज पाण्याखाली आहे. वीस हजार वर्षांपूर्वी पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने ध्रुवांकडे अडकून पडले होते, त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तिथे समुद्र ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. म्हणजे आज जिथे तेलविहिरींचे मनोरे उभे आहेत, तिथून तेव्हा पायी चालत जाता आले असते! पुढे समुद्र चढत गेला आणि किनाऱ्यावरचे मुक्काम, चुली, शिंपल्यांचे ढीग यांवर पाणी आले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवर मात्र कातळात कोरलेली चित्रे शिल्लक राहिली. कशेळीचा भलाथोरला हत्ती, बारसूचे दोन वाघांमध्ये उभे असलेले माणूस, शिवाय मासे आणि गेंडे. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. कोकणात आज गेंडा नाही. तो ज्यांनी कोरला त्यांना वेगळी झाडी आणि वेगळे पाणथळ माहीत असणार. परंतु चित्रावरून रोजचे जेवण कळत नाही. त्यासाठी उकिरडा लागतो, आणि तो आपल्याला सापडतो घाटावर.

घोड नदीच्या काठी

पुण्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक हंगाम उत्खनन केले. इथले लोक शिकारी नव्हते, ते शेतकरी होते. धातूंपैकी तांबे त्यांच्या वापरात होते आणि दगडाची पातीही होती, म्हणून त्या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. तरीही आपल्या प्रश्नासाठी इनामगाव फार मोलाचे आहे. कारण हवामान आणि पोट यांचा मेळ बसेना तेव्हा शेतकऱ्यांचे हे गाव पुन्हा शिकारीकडे आणि रानमेव्याकडे वळले, आणि ते कसे वळले हे थरांमागून थर वाचता येते.

वस्तीचे तीन कालखंड पडतात. इ.स.पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, इ.स.पू. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे आणि इ.स.पू. १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव. तिथे १९५०-५१ साली या संस्कृतीची भांडी प्रथम ओळखली गेली, म्हणून हे नाव पडले. पातळ, वाजवली तर खणखणणारी, तांबडी आणि वर काळी नक्षी असलेली ही भांडी ज्याने एकदा हाताळली तो ती विसरत नाही.

मधल्या, म्हणजे पूर्व जोर्वे काळातले इनामगाव सुखवस्तू दिसते. मोठी चौकोनी घरे, खाली मातीची बुटकी भिंत, वर कुडाचे काम आणि गवताचे छप्पर. घरे ओळीत होती आणि दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती जागा सोडलेली होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम अंगाला. गावात एक पाच खोल्यांचे घर सापडले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे गावच्या म्होरक्याचे घर असावे आणि सगळ्यांचे धान्य तिथे जमा होऊन वाटले जात असावे, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध घातलेला होता आणि सुमारे चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल असा पाट खणलेला होता. पुराचे पाणी वळवून ते शेताला द्यायची ही सोय. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, जिथे आजही वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो अशा जागी, लोखंडाचे एकही अवजार नसताना लोकांनी हे काम केले. मला तर कोणत्याही राजवाड्यापेक्षा या पाटाचे कौतुक जास्त वाटते.

त्यांचे जेवण कशावरून कळले? जळक्या दाण्यांवरून. चुलीजवळ सांडलेला दाणा जळून कोळसा झाला की त्याला किडा लागत नाही की तो कुजत नाही, आणि हजारो वर्षे तो आपला आकार टिकवून धरतो. खणलेली माती पाण्यात कालवली की हलके कोळसे वर तरंगतात, ते गाळून घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. एम. डी. काजळे यांनी हे चिकाटीचे काम केले. जव हे मुख्य पीक होते, त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख, वाल आणि हुलगा. गहू आणि जव ही रब्बीची पिके, त्यांना जमिनीत ओल हवी. कडधान्ये थोड्या पाण्यावरही येतात. हाडांचा अभ्यास पी. के. थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांत सर्वांत जास्त हाडे गाईबैलांची निघाली, शिवाय शेळ्यामेंढ्यांची आणि हरणांची, आणि काही मासे-कासवांचीही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे लोक आपल्या मृतांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यांत त्याला झोपवत. प्रौढ माणसाला उत्तरेकडे डोके करून उताणे ठेवत, आणि त्याची पावले घोट्यापासून तोडून टाकत. मेलेल्या माणसाने घर सोडून भटकू नये यासाठी हा उपाय असावा, असा ढवळीकरांचा अंदाज. घराला इतके घट्ट बांधलेले हे लोक होते. पुढे त्यांच्याच जिवंत वंशजांना भटकावे लागले.

गोल खोपी

इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांतील जोर्वे लोकांच्या वस्त्या ओस पडल्या. त्यांत आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद हे सर्वांत मोठे गावही होते. भीमेच्या खोऱ्यात मात्र जीव तग धरून राहिला, आणि इनामगाव आणखी तीनशे वर्षे चालू राहिले. पण ते आधीचे इनामगाव नव्हते.

ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी आता लहान गोल खोपी आल्या, साधारण तीन मीटर व्यासाच्या. दोन-चार खोपी एकमेकींजवळ, बहुधा एकाच कुटुंबाच्या. गोल खोपच का, याचे उत्तर गणिताच्या तासाला देता येईल. कुडासाठी २० मीटर लांबीचा ताटवा आहे असे समजू. त्याचा चौरस केला तर आत २५ चौरस मीटर जागा मिळते. तोच ताटवा गोल वळवला तर जवळजवळ ३२ चौरस मीटर मिळते. थोड्या काड्या, थोडे कष्ट आणि जागा अधिक. मात्र चौकोनी घराला संसार वाढला की खोली जोडता येते, गोल खोपीला ती नीट जोडता येत नाही. खोप बांधणाऱ्याच्या मनात फार काळ एका जागी राहण्याचा विचार नसतो. ऊसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटकन कळेल.

भांड्यांचे रूप गेले. ती जाड झाली, नक्षी कमी आणि ओबडधोबड झाली. गहू जवळजवळ दिसेनासा झाला, जवही घटला. पाण्याला कमी आणि हलक्या जमिनीला चालणारी कडधान्ये टिकून राहिली. बोरे, जांभळे यांसारख्या रानफळांच्या बिया दिसत राहिल्या. गाईबैलांच्या हाडांचे प्रमाण घसरले, आणि त्याच वेळी हरणांची आणि शेळ्यामेंढ्यांची हाडे तुलनेने वाढली. यातली प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिली तर तिच्यामागचा हिशेब लक्षात येतो. बैलाला चारा आणि पाणी भरपूर लागते, शेळी बाभळीच्या शेंगांवर जगते आणि पाण्यामागे चालत जाते. गव्हाचा दाणा पेरायचा तर तो घरात राखून ठेवावा लागतो आणि पुन्हा ओलीची वाट पाहावी लागते. हरिण पेरावे लागत नाही.

यावरून उत्खननकर्त्यांनी असे मांडले की हवा कोरडी झाली, शेती पुरेना, म्हणून लोक अर्धभटके झाले. वर्षाचा काही भाग गावात आणि उरलेला जनावरांमागे व शिकारीत. म्हणजे एका पिकावर विसंबलेले जगणे त्यांनी मोडले आणि पाच-सात कामचलाऊ आधारांवर वाटून टाकले. स्टार कारच्या शिकाऱ्यांकडे हे वैविध्य आधीपासून होते. इनामगावकरांना ते विस्मृतीतून पुन्हा शोधून काढावे लागले. बहुधा ते पुरते विसरलेही नसतील. पूर्व जोर्वे काळातही हरणांची हाडे मिळतातच. दुष्काळात उपयोगी पडणारे ज्ञान सुकाळातही थोडे थोडे वापरात राहिले, तरच ते वेळेला हाताशी असते.

लोणारचा गाळ वेगळे सांगतो

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे आणि बरीच वर्षे ती तशीच सांगितली जात होती. पण तिच्यात एक दुवा कच्चा होता. पाऊस कमी झाला हे आपण दाण्यांवरून आणि हाडांवरून ठरवले, आणि दाणे व हाडे का बदलली याचे कारण पाऊस कमी झाला असे सांगितले. हे गोल गोल फिरणे झाले. पावसाची साक्ष देणारा दुसरा साक्षीदार हवा, ज्याला इनामगावशी काही देणेघेणे नाही.

तो बुलढाणा जिल्ह्यात सापडला. लोणारचे विवर उल्कापाताने झाले, हे आपण सारे शिकवतो. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आतल्या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून पाऊस चांगला झाला की पातळी चढते आणि पाऊस हटला की उतरते. वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी थरांनी बसत जातो. २००८ साली भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंड काढला. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांचा पाऊस त्यात नोंदलेला आहे. सुशमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

त्या गाळाच्या ठरावीक थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. हे सोडियम आणि कॅल्शियम यांचे पाणी धरून ठेवणारे कार्बोनेट. सरोवराचे पाणी आटून अतिशय खारट आणि अल्कधर्मी झाल्याशिवाय ते तयार होत नाही. मिठागरात पाणी आटल्यावर मीठ धरते, तसेच हे. म्हणजे गेलुसाइटचा थर ही लांबलेल्या अवर्षणाची खूण होय. असे दोन मोठे काळ निघाले. पहिला आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

आता हे आकडे इनामगावच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. पहिले अवर्षण इ.स.पू. १९०० च्या सुमारास संपते, म्हणजे इनामगावची पहिली चूल पेटण्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधी. (सिंधू संस्कृतीच्या नगरांना उतरती कळा लागली ती याच अवर्षणाच्या काळात. मेघालयातील मॉमलूह गुहेतील चुनखडीच्या स्तंभावरून ४,२०० वर्षांपूर्वीच्या या घटनेला भूविज्ञानात २०१८ साली ‘मेघालयन’ युगाची सुरुवात ठरवण्यात आले.) दुसरे अवर्षण सुरू झाले तेव्हा इनामगाव ओस पडून सहा-सातशे वर्षे झाली होती. मधल्या काळात, नेमके इ.स.पू. १००० च्या आसपास, लोणारच्या गाळात तसा ठळक झटका नाही. आणि दुसरे अवर्षण ज्या शतकांत चालू होते त्यांतच यादवांची देवगिरी भरभराटीला आली. तेव्हा ‘पाऊस गेला आणि संस्कृती संपली’ हे समीकरण वर्गात फळ्यावर लिहिण्याआधी थांबायला हवे.

अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इनामगावच्या हाडांचा आणि हवामानाच्या नव्या पुराव्यांचा मेळ घालून हाच आक्षेप घेतला. एकट्या हवामानबदलावर सगळा भार टाकता येणार नाही, माणूस आणि त्याची जमीन यांचे नाते त्याहून गुंतागुंतीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. मुळातच काठावरच्या पावसाचा हा मुलूख. वस्ती वाढली, नदीकाठची चांगली काळी जमीन वाटली गेली, झाडी तुटली, गुरांनी माळ चरून उघडा केला, तर पावसात फारसा फरक न पडताही चार वाईट वर्षे गाव मोडू शकतात. बालाघाटवर काम करणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. झटका आभाळातून आला की जमिनीतून, हे ठरवायला अजून वाव आहे. गावाने त्याला दिलेले उत्तर मात्र आपल्यासमोर आहे.

मुलांची हाडे

ते उत्तर किती यशस्वी ठरले हे जनावरांच्या हाडांवरून कळत नाही, ते माणसांच्या हाडांवरून पाहावे लागते. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. रांजणात ठेवल्यामुळे कोवळी हाडेही टिकली. जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या जुन्या शेतकऱ्यांच्या मुलांचा असा संग्रह आहे.

मुलाचे वय आणि वाढ वेगवेगळी कशी मोजतात, हे समजण्यासारखे आहे. दात आपल्या ठरलेल्या क्रमाने तयार होतात. उपासमार झाली तरी ते वेळापत्रक फारसे बिघडत नाही. म्हणून वय दातांवरून ठरवतात. मांडीचे हाड मात्र पोटाला मिळेल तसे वाढते. दातांवरून मूल तीन वर्षांचे निघाले आणि मांडीचे हाड दोन वर्षांच्या मुलाइतके असले, तर त्याची वाढ खुंटली होती हे उघड आहे. हाडाची जाडी आणि लांबी यांच्या प्रमाणावरून शरीराच्या भरीवपणाचाही अंदाज येतो. अंगणवाडीत वजन आणि उंची लिहून तक्ता भरतात, त्याचीच ही फार जुनी आवृत्ती म्हणता येईल.

रॉबिन्स शुग यांच्या मोजमापांत उत्तर जोर्वे काळातील मुले किरकोळ, अंगावर मांस नसलेली निघाली. दुसरीकडे जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी १९९८ साली दुधाच्या सुळ्यांवरील खळग्यांचा अभ्यास मांडला. दाताचे लुकण तयार होत असताना बाळ आजारी पडले किंवा त्याला पोषण कमी पडले, तर त्या जागी खळगा राहतो आणि तो पुढे कधीच भरून निघत नाही. हे खळगे उत्तर जोर्वे काळात कमी झालेले आढळले. त्यावरून त्यांनी असा अर्थ लावला की शिकार आणि रानातले अन्न यांकडे वळल्याने आहार उलट सुधारला असावा.

एकाच गावची मुले, आणि दोन साक्षी विरुद्ध दिशेला. यातील एक अभ्यास चुकीचा म्हणून बाजूला सारण्याची घाई करू नये. सुळ्याचा तो भाग जन्माच्या आगेमागेच्या काही महिन्यांत घडतो, म्हणजे त्यात मुख्यतः आईची प्रकृती आणि आईचे दूध दिसते. मांडीचे हाड त्यानंतर अंगावरचे दूध सुटू लागल्यावर काय मिळाले हे सांगते. हरणाचे मांस आणि रानभाजी खाणाऱ्या आईचे दूध बरे असेल, पण दूध तुटल्यावर लहानग्याच्या वाटीत घालायला मऊ शिजलेले जव उरले नसतील, असेही होऊ शकते. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. त्या वयाच्या मुलाला ना शिकारीमागे धावता येत, ना कठीण हुलगा पचत. गाव तगले, पण त्याचे मोल घरातल्या कोणत्या वयाने जास्त चुकवले, हे रांजणांकडे पाहून सांगता येते.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडले. तिथून निघालेले लोक कुठे गेले, कोणात मिसळले, याबद्दल अनेक मते आहेत. त्या टेकाडावर नंतर बोरीबाभळी माजल्या.

गावात करून पाहण्याजोगे

हा विषय आठवी-नववीच्या पुढे नेताना एक काम मुलांना द्यावे. १९७२ च्या दुष्काळात जाणती असलेली माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत आणि ती प्रत्येक गावात भेटतात. मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात दुष्काळाआधी घरात रोज काय शिजत होते, दुसऱ्यात १९७२-७३ मध्ये काय शिजले, तिसऱ्यात आज काय शिजते. दुसऱ्या रकान्यात परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि खडीच्या कामावर मिळालेली सुकडी येईलच. त्याबरोबर तरोटा, पाथरी, घोळ, तांदुळजा, उंबर, बोरे हीसुद्धा येतील. कोणती भाजी कोणत्या उतारावर मिळे, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खाता येत नसे, हेही लिहून घ्यावे. जनावरांचाही असाच रकाना करावा. आधी काय विकले, काय शेवटपर्यंत राखले? बैल आणि शेळी यांचा क्रम काय निघतो ते पाहावे.

त्यानंतर वर्गात इनामगावची यादी फळ्यावर लिहावी, म्हणजे गहू, जव, मसूर, वाटाणा, लाख, वाल, हुलगा, बोरे, जांभळे, गाईबैल, शेळ्यामेंढ्या, हरणे. मुलांच्या वह्यांतले कोणते नाव तिच्यात सापडते ते त्यांनाच शोधू द्यावे. ज्यांचे आईवडील फडावर गेले आहेत आणि जी मुले आजीजवळ राहिली आहेत, त्यांच्या वह्या बहुधा सर्वांत भरलेल्या असतील.